दात खाण्याची सवय आणि शरीराचा तोल

मूल झोपेत करकर दात खाऊ लागले, की ‘पोटात जंत झाले असतील’ असे निदान घरोघरी केले जाते. या समजुतीस भक्कम शास्त्रीय आधार नाही. झोपेत दात घासणे वा जागेपणी जबडा आवळून धरणे यास वैद्यकीय परिभाषेत ‘ब्रुक्सिझम’ म्हणतात. २०१८ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने, निरोगी व्यक्तीत हा स्वतंत्र रोग नसून चर्वणस्नायूंची हालचाल आहे, असे मत मांडले.

या सवयीचा तोलाशी संबंध काय? गेट वेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचमध्ये उभे राहताना आपली त्रेधा उडते. रायगडच्या किनाऱ्यावरील कोळी मात्र हेलकावणाऱ्या होडीत जाळे ओढत निश्चल उभा असतो. डोळे, आंतरकर्ण आणि स्नायू, सांधे व तळवे यांतून येणाऱ्या संवेदना या तिन्हींच्या मेळातून मेंदू तोल साधतो. तिसऱ्या संवेदनेस देहस्थितीची जाणीव म्हणता येईल.

या जाणिवेत जबड्याचाही वाटा आहे. चर्वणस्नायू आणि दातांच्या मुळांभोवतीचे पातळ आवरण यांतील संवेदक दाबाची सूक्ष्म वार्ता त्रिशाखी चेतेद्वारे मेंदूस देतात. या चेतेची केंद्रे मान व तोल सांभाळणाऱ्या केंद्रांशी जोडलेली असतात. म्हणूनच जबडा आवळल्यास उभ्या शरीराचे डोलणे किंचित बदलते, असे काही प्रयोगांत दिसले. काहींत तर ते कमी झाले. मात्र हा परिणाम अल्प असून, दात खाल्ल्याने माणूस तोल जाऊन पडतो, हे सिद्ध झालेले नाही.

तेव्हा चक्कर येत असल्यास दोष दातांवर ढकलू नये. कान, रक्तदाब, रक्तातील साखर आणि चालू औषधे यांची तपासणी आधी करावी. अचानक तोल जाऊन बोलणे अडखळल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. केवळ तोल सुधारावा म्हणून दात घासून समतल करून घेणे अयोग्य. गेलेले दंतवल्क परत येत नाही.

सवयीने होणारा त्रास मात्र खरा आहे. दात झिजतात, सकाळी जबडा आणि कानशिले दुखतात. दंतवैद्याने दिलेले रात्रीचे संरक्षक कवच झीज रोखते. सवय मोडतेच असे नाही. तंबाखू, मद्य आणि सायंकाळनंतरची कॉफी टाळावी. घोरताना श्वास अडकत असल्यास त्याची तपासणी करावी. दिवसा ओठ मिटलेले, दात विलग आणि जीभ सैल, एवढे पथ्य पाळल्यास जबड्यास विश्रांती मिळते.