काळजी, घोर आणि आजार : सातपूरच्या कामगार-इतिहासाच्या निमित्ताने

नाशिकच्या पश्चिमेस त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर सातपूर हे गाव आहे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे या परिसरात औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि शेतीवाडीचे गाव कारखान्यांच्या भोंग्यावर चालू लागले. अशा वसाहतीच्या सामाजिक इतिहासाचा अभ्यासक हजेरीपट, रजेचे अर्ज व आजारपणाचे दाखले यांवर स्वाभाविकपणेच भिस्त ठेवतो. परंतु चिंतेसारख्या मनोव्यथेचा शोध या कागदांत घेण्यापूर्वी एक प्रश्न सोडविणे अगत्याचे आहे : साधी काळजी कोठे संपते व दखल घेण्याजोगा आजार कोठे सुरू होतो, हे ठरविण्याचा अधिकार आजवर कोणाकडे होता?

१९१२ च्या ‘इंडियन ल्यूनसी अॅक्ट’पुढे हा प्रश्न नव्हताच. मनुष्य भ्रमिष्ट आहे काय, मोकाट भटकतो काय, त्याच्यापासून इतरांस धोका आहे काय, एवढेच त्या कायद्यास पाहावयाचे होते. ‘ठाण्याला पाठविणे’ या लोकभाषेतील प्रयोगाने त्याची दहशत आजही जतन केली आहे. रोज कामावर जाणारा, परंतु रात्री डोळ्यास डोळा न लागणारा मनुष्य या कायद्याच्या दृष्टीस पडण्याचे कारण नव्हते.

कामगाराच्या बाबतीत अधिक महत्त्वाचा ठरला तो १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा. त्यातील आजारपणाची व्याख्या मुळातून वाचण्यासारखी आहे. ज्या अवस्थेत वैद्यकीय उपचार व शुश्रूषा आवश्यक असते आणि वैद्यकीय कारणास्तव कामावर गैरहजर राहणे भाग पडते, ती अवस्था म्हणजे आजारपण. येथे दोन अटी आहेत व दोन्ही पुऱ्या व्हाव्या लागतात. ज्वराला ही व्याख्या चपखल बसते. चिंतेचे तसे नाही. चिंताग्रस्त कामगार पुष्कळदा गैरहजर राहतच नाही. किंबहुना खाडा पडला तर काय होईल, याच धास्तीने तो वेळेआधी फाटकाशी येऊन उभा राहतो. लाभ द्यावयाचा तर कोठेतरी रेघ ओढणे भाग होते, हे मान्य. पण ती रेघ गैरहजेरीवर ओढली गेली, म्हणून रजेच्या नोंदींवरून मनःस्वास्थ्याचे अनुमान काढणे धोक्याचे आहे.

वैद्यकशास्त्राची रेघ तरी स्थिर होती काय? १८९५ मध्ये फ्रॉइडने चिंताविकृती ही मज्जादौर्बल्यापासून वेगळी काढली. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली व्यापक चिंताविकारासाठी एक महिन्याची मुदत ठरविली व १९८७ साली ती सहा महिन्यांवर नेली. सात वर्षांत मनुष्यस्वभाव बदलला नाही, बदलला तो संकेत. तथापि त्यामागील निकष टाकाऊ नव्हेत : चिंता आवरू म्हणता आवरत नाही, एका विषयावरून दुसऱ्यावर उडत राहते, झोप व एकाग्रता जाते, अंग आखडलेले राहते आणि घरचे वा कामाचे व्यवहार अडतात. आत्मघाताचे विचार येऊ लागल्यास मात्र महिने मोजीत बसण्याचा प्रश्नच नाही.

या बाबतीत आपली बोली शास्त्राच्या फारशी मागे नाही. काळजी आपण ‘करतो’ किंवा ‘घेतो’. तेथे माणूस कर्ता असतो. घोर मात्र ‘लागतो’, धास्ती ‘बसते’. कर्तेपण माणसाकडून व्यथेकडे जाते व माणूस चतुर्थीत येऊन पडतो. व्याकरणाने रोगनिदान होत नाही, हे खरे; परंतु जो फरक तज्ज्ञ ‘आवरता न येणे’ या शब्दांत सांगतात, तोच येथे क्रियापदाने टिपला आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजाराची व्याख्या करताना विचार, भावस्थिती इत्यादींतील मोठ्या बिघाडाबरोबर, जीवनाच्या सामान्य मागण्या पुऱ्या करण्याच्या क्षमतेस बसलेली जबर बाधाही विचारात घेतली. या ‘सामान्य मागण्या’ कारखान्याच्या फाटकाबाहेरही पसरलेल्या असतात, ही जमेची बाजू. उलटपक्षी, कंत्राटाची मुदत संपत आली म्हणून ज्याची झोप उडाली आहे, त्यास केवळ तेवढ्यावरून रोगी म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच्या काळजीचे कारण कंत्राटात आहे. कायम झाल्यावरही जो महिनोन्‌महिने तसाच तळमळतो, त्याची गोष्ट निराळी.

म्हणून सातपूरसारख्या वसाहतीच्या अभ्यासात हजेरीपटाइतकेच मौखिक साक्षीचे महत्त्व आहे. निवृत्त कामगारास ‘काळजी वाटत होती काय?’ असे विचारल्यास, ‘ती कोणाला चुकली आहे?’ एवढेच उत्तर मिळण्याचा संभव अधिक. त्याऐवजी झोप केव्हापासून गेली, छातीत धडधड होऊ लागली ती कोणत्या पाळीत, जेवण केव्हापासून जाईनासे झाले आणि घरात ते प्रथम कोणाच्या ध्यानात आले, हे विचारावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा त्याच्या पत्नीकडे असेल, आणि तिचे नाव हजेरीपटावर नसते.