फातोर्डा स्टेडियम : जुन्या मैदानाचा कायापालट

गोव्यातील मडगावच्या फातोर्डा भागातील पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम १९८९ साली खुले झाले. साळगावकर, धेंपो, चर्चिल ब्रदर्स या स्थानिक क्लबांचे सामने येथे रंगत असत. जानेवारी २०१४ मधील लुसोफोनिया क्रीडास्पर्धेनिमित्त त्याचे नूतनीकरण झाले. त्याच वर्षी ते एफसी गोवा संघाचे घरचे मैदान बनले. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात इराणने जर्मनीला येथेच ४-० असे नमविले.

मोठ्या स्पर्धेच्या निमित्ताने निधी उपलब्ध होतो. मात्र हिरवळ, पाण्याचा निचरा व दिवे यांची देखभाल नित्याचीच असते. स्पर्धा संपल्यावर गावोगावचे क्लब आणि शाळकरी मुले यांना मैदानाचे दार उघडे राहते काय, यावरच अशा नूतनीकरणाचे खरे मोल ठरते.