ब्लूटूथचा पत्ता

ब्लूटूथ हाक मारतं तेव्हा कुणाचंच नाव घेत नाही. "कुणी आहे का?" एवढंच विचारतं. शोधात दिसायला तयार असलेलं जवळचं यंत्र उत्तरात आपला 48 बिटांचा पत्ता आणि आपल्या घड्याळाची वेळ कळवतं. उर्दूत 'पता' म्हणजे ठिकाणाही आणि खबरही. इथे मला तोच शब्द नेमका वाटतो.

1994 मध्ये स्वीडनच्या लुंड शहरात एरिक्सनने हे काम सुरू केलं, ते मोबाइल आणि हेडसेटमधली वायर घालवायला. यंत्रं 79 वाहिन्यांवर सेकंदाला 1600 उड्या मारत बोलतात. उड्यांचा क्रम पत्त्यावरून ठरतो, आणि पत्ता कायमचा.

पण कायमचा पत्ता म्हणजे माग काढायची सोय. शोधात दिसणं बंद केलं, तरी पत्ता ठाऊक असलेल्याच्या हाकेला यंत्र बहुधा ओ देतंच.

पहिली आवृत्ती 1999 ची. बदलता पत्ता आला 2010 च्या ब्लूटूथ 4.0 मध्ये, तोही फक्त लो एनर्जी प्रकारात. जोडी जमताना ज्याला किल्ली मिळाली, त्यालाच अशा यंत्राची खरी ओळख पटते. अकरा वर्षं हा फार उशीर झाला, असं माझं मत. शिवाय सक्ती नाहीच. निर्मात्याने वापरली तर सोय.