काटा, लाल पट्टी आणि आप्पांचा कॅसिओ

भागाच्या सुरुवातीला जी सात-आठ सेकंदांची करकर ऐकलीत, त्यात तुमच्या इअरफोनचा काही दोष नाही. ते माझं रेकॉर्डिंग आहे. रोहा तालुक्यातल्या खांबला, आमच्या जुन्या घराच्या पडवीत केलेलं, आणि पूर्णपणे माझ्या हातून बिघडलेलं.

वाजवतायत माझे चुलते, आप्पा. पंचवीसेक वर्षं बेंजो पार्टीत कॅसिओ वाजवला त्यांनी. पेण-रोह्याकडच्या श्रोत्यांना बेंजो पार्टी म्हणजे काय ते सांगायला नको, हळदीला तिच्याशिवाय कोण नाचणार! बाकीच्यांसाठी: हा बेंजो म्हणजे अमेरिकेतला बॅंजो नव्हे. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं हे तारवाद्य, ‘बुलबुल तरंग’, आलंय जपानच्या ताइशोगोतोवरून. ते १९१२ साली नागोयात गोरो मोरिता यांनी बनवलं. आणि कॅसिओ म्हणजे कुठलाही कीबोर्ड. कॅसिओ कंपनीने १९८० मध्ये पहिला कॅसिओटोन काढला, आणि आमच्याकडे कंपनीचं नावच वाद्याला चिकटलं. आप्पांचा ‘कॅसिओ’ दुसऱ्याच कंपनीचा आहे.

तर त्या दिवशी काय झालं? मी नवाकोरा दोन चॅनलचा ऑडिओ इंटरफेस घेऊन गेलो होतो. कीबोर्डच्या आउटपुटमधून केबल काढली, इंटरफेसमध्ये खोचली. आप्पांनी वाजवायला घेतलं, आणि लॅपटॉपवरचा मीटर अर्ध्याच्या वर जाईना. आप्पा म्हणाले, “अरे, काटा हलत नाय तुझा. लाल लागू दे जरा, नायतर आवाज बारीक येतो.” माणूस पंचवीस वर्षं स्टेजवर उभा राहिलाय, कॅसेटच्या जमान्यात रेकॉर्डिंगला बसलाय. मी ऐकलं. गेन वाढवला, वर इंटरफेसवरचं ‘इन्स्ट्रुमेंट’चं बटण दाबलं, कारण कीबोर्ड हे वाद्यच की! हायवेच्या ट्रकांचा आवाज येईल ही मला धास्ती होती. पण केबलमधून ट्रक कुठून येणार? ज्याची धास्ती हवी होती, त्याच्याकडे लक्षच नव्हतं.

आता आप्पांचं म्हणणं चूक होतं का? इथे थोडं मागे जावं लागतं, थेट टेलिफोनपर्यंत.

लांबच्या तारेतून आवाज किती क्षीण होतो हे अमेरिकेतले टेलिफोनवाले आधी ‘इतके मैल केबल’ अशा भाषेत मोजायचे. १९२० च्या दशकात बेल कंपनीच्या इंजिनिअरांनी त्याजागी नवं एकक आणलं, त्याचंच नाव पुढे डेसिबल झालं. ६०० ओहमच्या लाइनवर एक मिलिवॉट, म्हणजे ०.७७५ व्होल्ट, हा त्यांचा पाया. मग १९३९ मध्ये बेल लॅब्ज, एनबीसी आणि सीबीएस यांनी मिळून व्हीयू मीटर ठरवला. तोच तो काट्याचा मीटर, उजवीकडे लाल पट्टी असलेला.

या काट्याची गंमत अशी की तो मुद्दाम मंद ठेवलाय. खालून शून्यापर्यंत पोचायला त्याला सुमारे ३०० मिलिसेकंद लागतात. माणसाच्या कानाला आवाज साधारण किती मोठा वाटतो ते तो दाखवतो. एखादा टोकदार ठोका येऊन गेला, तर काट्याला पत्ताही नसतो. टेपच्या काळात ते चालून जायचं. टेपवर जोर पडला की ती आवाज हळूहळू दाबते, कानाला ते ऊबदारच वाटतं. उलट पातळी कमी ठेवली तर टेपची सूं-सूं वर येते. म्हणजे लाल लागू द्यायला त्या काळात चांगलं कारण होतं. आप्पांच्या हातात बसलेली सवय साठ-सत्तर वर्षांच्या अनुभवातून आलेली होती.

सिंथेसायझर त्याच जगात आला. मिनीमूग बाजारात आला १९७० मध्ये, आणि मुंबईच्या सिनेसंगीतात मूग आणण्याचं श्रेय केरसी लॉर्ड यांना देतात. चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंडचे ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ घेऊन डिस्को ठेक्यावर दहा राग वाजवले. ती तबकडी तेव्हा कुणी फारशी विचारली नाही आणि २०१० मध्ये पुन्हा निघाल्यावर जग चकित झालं. त्यावर एक वेगळा भाग करायचाय, म्हणून आज तिथे रेंगाळत नाही.

आपल्या कामाचा मुद्दा हा की सिंथच्या आउटपुटला एकच ठरलेली पातळी कधीच नव्हती. स्टुडिओतल्या यंत्रांची पातळी +४, म्हणजे १.२३ व्होल्ट. घरगुती यंत्रांची −१०, म्हणजे ०.३२ व्होल्टच्या आसपास. जवळपास चौपट फरक! त्यात प्रत्येक आवाजाचा जोर निराळा: व्हायोलिनचा पॅड मवाळ, तर हळदीत वाजते ती लीड एकदम अंगावर येणारी. आप्पा मीटर लावताना पॅड वाजवत होते. खरं रेकॉर्डिंग सुरू झालं आणि लीडवर गेले.

डिजिटलमध्ये शून्य हे छत आहे. त्याच्या वर आकडाच नाही, म्हणून लाटेचं टोक सपाट कापलं जातं. ती करकर. गिटारच्या कमकुवत सिग्नलसाठी असलेलं ‘इन्स्ट्रुमेंट’चं बटण दाबून मी त्यात आणखी भर घातली होती. एकदा आत शिरतानाच कापलं गेलं की नंतर लॅपटॉपवर आवाज कितीही कमी करा, फाटकं फाटकंच राहतं. दुरुस्तीची सॉफ्टवेअर आहेत, ती कापलेल्या टोकाचा अंदाज बांधतात. मी बांधून पाहिला. आप्पांची मुरकी तिथे कुणीतरी दुसऱ्याने वाजवल्यासारखी वाटते.

आणि परत रेकॉर्ड करू म्हणावं, तर त्या हिवाळ्यात आप्पांच्या उजव्या हाताची दोन बोटं वळेनाशी झाली.

या मे महिन्यात पुन्हा खांबला गेलो. पडवी तीच, कीबोर्ड तोच, वाजवायला आप्पांचा नातू. तो हेडफोनच्या भोकातून केबल काढत होता, म्हटलं थांब. स्टिरिओ हेडफोनची तीन कड्यांची पिन इंटरफेसच्या बॅलन्स्ड इनपुटमध्ये गेली की डावा-उजवा एकमेकांतून वजा होतात, आणि मधोमध असलेला आवाजच गायब! मागच्या लाइन आउटमधून दोन साध्या केबल काढल्या. इनपुट ‘लाइन’वर, गेन पूर्ण खाली. कीबोर्डचा स्वतःचा आवाज मात्र पाऊणपर्यंत वर, कारण तिथे कमी ठेवून पुढे वाढवला की खरखरही वाढते. मग पोराला सांगितलं, सगळ्यात ओरडणारी लीड लाव आणि हळदीत वाजवतोस तशी वाजव. तिची टोकं −१० च्या आसपास राहतील इतकाच गेन दिला. बाकीचं −१८ च्या आगेमागे खेळत होतं. युरोपातल्या प्रसारणसंस्था याच −१८ ला संदर्भपातळी मानतात. २४ बिटमध्ये खाली इतकी जागा असते की टेपसारखी सूं-सूं वर येण्याची भीती नाही.

आप्पांनी हेडफोन लावला. मीटरकडे बघून म्हणाले, “अर्धा पण नाय भरला रे. बारीक येतोय.”

इंटरफेसला दोन नॉब असतात. मी गेनला हात लावला नाही. शेजारचा, हेडफोनचा, फिरवत गेलो. आप्पांची मान ठेक्यावर हलायला लागली, मग थांबलो.