परक्या घरच्या दोन लेकी : आमिश कादंबरीविषयी

आमिश समाजावरील अमेरिकन कादंबऱ्यांची बोळवण बहुधा 'सोज्ज्वळ करमणूक' या दोन शब्दांत होते. घोडागाडी, शेतातले घर आणि मर्यादेत राहणारे प्रेम, एवढेच त्यांत असते असे समजले जाते. आम्हांला मात्र या कादंबऱ्यांचा इतिहास महत्त्वाचा वाटतो. एखाद्या समाजाच्या घराविषयी बोलण्याचा अधिकार कोणाकडे जातो, हे त्यातून दिसते.

१६९३ मध्ये स्वित्झर्लंड व आल्सास येथील ॲनाबॅप्टिस्ट पंथात फूट पडली. याकोब अम्मानचे अनुयायी ते आमिश. अठराव्या शतकात ते पेनसिल्व्हेनियात येऊ लागले. त्यांच्यात अर्भकाला बाप्तिस्मा देत नाहीत. तो वयात आल्यावर स्वतः स्वीकारायचा असतो आणि विवाह त्यानंतरच होतो. त्याआधीच्या काहीशा मोकळ्या काळाला 'रुमश्प्रिंगा' म्हणतात. लग्ने जुळतात ती याच काळात. बाप्तिस्म्यापूर्वी समाज सोडणाऱ्यावर सहसा बहिष्कार पडत नाही, शपथ घेऊन मोडणाऱ्यावर पडतो. प्रेम आणि शपथ अशी एकाच उंबरठ्यावर भेटतात. कादंबरीकाराला याहून समर्थ कथाबीज क्वचितच मिळावे.

१९०४ साली हेलन मार्टिन यांच्या 'टिली : अ मेनोनाइट मेड'ने पेनसिल्व्हेनियातील जर्मनवंशीय ग्रामीण घर रूक्ष आणि विद्याद्वेष्टे रंगवले. अशा बाहेरच्या चित्रणांच्या परंपरेत जोसेफ योडर यांची 'रोझॅना ऑफ द आमिश' (१९४०) वेगळी उठून दिसते. योडर स्वतः आमिश घरात वाढलेले आणि रोझॅना ही त्यांची आई. आयरिश कॅथलिक कुटुंबात जन्मलेल्या या मुलीला एका आमिश स्त्रीने वाढवले. पुढे तिने आमिश तरुणाशी लग्न केले आणि ती त्याच समाजात राहिली.

१९९७ मध्ये बेव्हर्ली लुईस यांची 'द शनिंग' आली आणि आमिश प्रेमकथांची लाट सुरू झाली. हिची नायिका केटी लॅप हीसुद्धा दुसऱ्यांच्या पोटची, आमिश घरात वाढलेली. मात्र जन्माचे रहस्य कळताच तिची पावले घराबाहेर वळतात. लुईस आमिश नाहीत. जुन्या वळणाचा मेनोनाइट समाज सोडून लग्न करणाऱ्या आपल्या आजीच्या आयुष्यातून त्यांना ही कथा सुचली.

कथाबीज एकच, निष्कर्ष मात्र उलटे. रोझॅनाच्या कथेत माणूस घडतो तो संगोपनाने; केटीच्या कथेत स्वत्व कोठेतरी दूर असते आणि ते शोधावे लागते. हा फरक केवळ दोन लेखकांच्या स्वभावाचा नाही. व्हॅलरी वीव्हर-झर्चर यांनी २०१३ च्या आपल्या अभ्यासग्रंथात दाखवले आहे की, या कथा लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या स्त्रिया प्रामुख्याने इव्हँजेलिकल ख्रिस्ती आहेत. त्यांच्या श्रद्धेत व्यक्तीला आपल्या तारणाची खात्री असते. आमिश माणूस अशी खात्री बोलून दाखवणे अहंकाराचे मानतो; तो नम्रपणे आशा धरतो आणि समाजाच्या शिस्तीला शरण जातो.

म्हणजे या कादंबऱ्यांत पेहराव आमिश असला, तरी नायिकेच्या अंतर्मनाची भाषा पुष्कळदा वाचकवर्गाची असते. वाचकांची शांत, एकत्र कुटुंबाची ओढ खरी आहे. तिची थट्टा करण्याचे कारण नाही. पण ज्या घराची ओढ वाटते, त्याच घरातून बाहेर पडणारी नायिका त्यांना इतकी प्रिय का वाटावी? या साहित्यप्रकाराचा अभ्यास आमच्या मते याच प्रश्नापासून सुरू व्हायला हवा.