होलोकॉस्ट

सर्वनाश किंवा सामुदायिक संहार या अर्थाची इंग्रजी संज्ञा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ती मुख्यत्वे नाझी जर्मनीने दुसऱ्या महायुद्धकाळात केलेल्या यूरोपीय ज्यूंच्या हत्याकांडास लावली जाते.

‘होलोस’ (संपूर्ण) व ‘कौस्टोस’ (जळलेले) या ग्रीक शब्दांपासून ही संज्ञा बनली. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात (आरंभ इ. स. पू. तिसरे शतक) ‘ओला’ या हिब्रू शब्दासाठी याच घडणीचा शब्द योजिला आहे. ओला म्हणजे पूर्ण दहन करावयाचा बळी. इतर काही बळींच्या मांसाचा वाटा पुरोहितास व अर्पण करणाऱ्यास मिळे. ओलाचे मांस मात्र सर्वस्वी वेदीवर जाळून ईश्वरास अर्पिले जाई. लॅटिन व प्राचीन फ्रेंच भाषांमार्फत हा शब्द तेराव्या शतकात इंग्रजीत आला. सतराव्या शतकापासून त्यास आगीतील सर्वनाश व मोठी प्राणहानी हा लाक्षणिक अर्थ येऊ लागला. ऑटोमन साम्राज्यातील आर्मेनियनांच्या कत्तलींचे (१८९४–९६) वर्णन करतानाही वृत्तपत्रांनी तो वापरला. पुढे संभाव्य अणुयुद्धाच्या संदर्भातही तो रूढ झाला.

नाझी पक्ष १९३३ मध्ये सत्तेवर आला. न्यूरेंबर्ग कायद्यांनी (१९३५) ज्यूंचे नागरिकत्व हिरावले गेले. सोव्हिएट संघावरील आक्रमणानंतर (१९४१) सामूहिक गोळीबाराने, आणि आउश्विट्स, ट्रेब्लिंका इ. छावण्यांत विषारी वायूने सु. साठ लाख ज्यूंची हत्या करण्यात आली. छावण्यांत प्रेतेही जाळली जात. रोमा (जिप्सी) व अपंग व्यक्तीही मोठ्या संख्येने मारल्या गेल्या.

या घटनेस यिडिश भाषेत ‘खुर्बन’ (विध्वंस), तर हिब्रूत ‘शोआ’ (महासंकट) म्हणतात. आइकमान खटला (१९६१) व होलोकॉस्ट ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका (१९७८) यांमुळे इंग्रजी संज्ञा सर्वतोमुखी झाली. तथापि तिच्या व्युत्पत्तीमुळे अनेक ज्यू विचारवंतांनी तिला आक्षेप घेतला. अर्पण हे स्वेच्छेने व ईश्वराप्रीत्यर्थ केलेले पवित्र कर्म होय. येथे अर्पण करणारा कोणी नव्हता, मारेकरी होते. या हत्येस यज्ञाचे नाव देणे म्हणजे तिला नसलेला धार्मिक अर्थ चिकटविणे होय. इझ्राएलमध्ये शोआ हीच संज्ञा प्रचलित आहे. फ्रान्समध्येही क्लोद लांझमान यांच्या शोआ (१९८५) या अनुबोधपटानंतर ती रुळली. कायद्यात मात्र राफाएल लेमकिन (१९००–५९) यांनी १९४४ मध्ये प्रचारात आणलेली ‘जेनोसाइड’ (वंशविच्छेद) ही संज्ञा स्वीकारली गेली; संयुक्त राष्ट्रांचा तद्‌विषयक करार ९ डिसेंबर १९४८ रोजी संमत झाला.

मराठीतील ‘बळी’ या शब्दातही देवास वाहिलेला जीव व अत्याचारात मारला गेलेला मनुष्य हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. त्यामुळे या घटनेविषयी मराठीत लिहितानाही हा भेद ध्यानी घ्यावा लागतो.