‘अमूर्त’ या संज्ञेची मर्यादा : बार्सेलोना आणि मुंबई येथील द्रव्यचित्रे

विसाव्या शतकातील चित्रकलेविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्यात ‘अमूर्त’ ही संज्ञा इतकी रुळली आहे की तिची तपासणी करण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. ज्या चित्रात माणूस, झाड, घर अशी ओळखीची वस्तू दिसत नाही ते अमूर्त, एवढा सोपा अर्थ गृहीत धरला जातो. तथापि १९५० ते १९६५ या सुमारास युरोपात आणि मुंबईच्या चित्रकारांच्या हातून निर्माण झालेल्या चित्रांचा एक वर्ग असा आहे की, त्यास ही संज्ञा लावली असता वस्तुस्थितीचा विपर्यास होतो. रंगात वाळू, माती किंवा संगमरवराची पूड कालवून त्याचे जाड थर कॅनव्हासवर चढवावयाचे, ते ओले असतानाच खरवडावयाचे, चिरावयाचे आणि मग वाळू द्यावयाचे, ही या चित्रांची रीत होय. त्यांना प्रस्तुत लेखात ‘द्रव्यचित्र’ असे म्हटले आहे.

‘मूर्त’ हे ‘मूर्छ्’ या संस्कृत धातूपासून बनलेले भूतकालवाचक विशेषण आहे. धातुपाठात या धातूचे मोह आणि समुच्छ्राय, म्हणजे वाढ, असे दोन अर्थ दिलेले आहेत. पहिल्या अर्थापासून ‘मूर्च्छा’ हा शब्द आला. दुसऱ्याच्या अंगाने साकळणे, घट्ट होणे, घट्ट होऊन आकारास येणे हा अर्थ ‘मूर्त’ आणि ‘मूर्ती’ या शब्दांत उतरला. न्याय-वैशेषिक दर्शनात पृथ्वी, जल, तेज, वायू व मन ही मूर्त द्रव्ये, तर आकाश, काल, दिक् व आत्मा ही अमूर्त द्रव्ये मानली आहेत. साकळण्याचा हा अर्थ रत्नागिरी जिल्ह्यातील वाचकास दाखला देऊन समजावण्याची आवश्यकता नाही. जांभ्याचा चिरा खाणीतून काढताना इतका मऊ असतो की तो हत्याराने सहज तासता येतो. वारा लागला की तो टणक होत जातो. ओल्या थरावर उमटलेला ओरखडा वाळल्यावर कायमचा होतो, तो याच न्यायाने. म्हणजे शब्दाच्या मूळ अर्थाने पाहता द्रव्यचित्राइतके मूर्त चित्र दुसरे नाही.

या चित्रप्रकाराचा सर्वांत ठळक प्रतिनिधी म्हणजे आंतोनी तापिएस (१९२३-२०१२) हा बार्सेलोनाचा चित्रकार होय. १९३६ ते १९३९ हे स्पेनमधील यादवी युद्ध त्याने कोवळ्या वयात अनुभवले. युद्धानंतर फ्रँकोच्या राजवटीने कातालान भाषेस शाळा, कचेऱ्या आणि सार्वजनिक व्यवहार यांतून हद्दपार केले. अशा स्थितीत १९४८ साली तापिएस, कवी जोआन ब्रोसा आणि त्यांचे सहकारी यांनी ‘दाउ अल सेत’ हा गट स्थापन केला. हे नाव कातालान असून त्याचा अर्थ ‘फाशाची सातवी बाजू’ असा आहे. फाशाला बाजू सहाच असतात. जे असू शकत नाही त्याचेच नाव गटाने धारण केले. आरंभी या गटावर अतिवास्तववादाची छाया होती. १९५३-५४ च्या सुमारास तापिएसने स्वप्नसृष्टी सोडून वाळू व संगमरवराची पूड हाती घेतली आणि त्याची चित्रे भिंतींसारखी दिसू लागली. पोपडे, खाचा, खुणा, पुसट अक्षरे असे भिंतीवर कालांतराने जे जमते ते सारे तीत आले. कातालान भाषेत ‘तापिया’ म्हणजे मातीची भिंत. चित्रकाराच्या आडनावातच त्याचा विषय होता, आणि या योगायोगाची जाणीव त्यालाही होती.

ज्या नगरात लोकांना स्वभाषेत फलक लावता येत नव्हता, तेथे खरवडलेली भिंत मुकी राहत नाही. परंतु या चित्रांचा इतिहास एवढ्यावर संपत नाही. माद्रिदमध्ये १९५७ साली ‘एल पासो’ हा गट निघाला. त्यातील मानोलो मिल्यारेस गोणपाट फाडून, शिवून चित्रे करी. १९५८ च्या व्हेनिस द्वैवार्षिक प्रदर्शनात स्पेनच्या सरकारी दालनातून ही नवी चित्रकला जगापुढे आली आणि तापिएसला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. ज्या राजवटीच्या दडपणाची खूण या चित्रांवर होती, तीच राजवट आपण उदार असल्याचा दाखला म्हणून ती परदेशी पाठवीत होती. चित्रात ओळखीची वस्तू नसल्यामुळे ती निरुपद्रवी आहेत, असा तिचा हिशेब असावा. तापिएसने पुढे सरकारी प्रदर्शनांतून अंग काढून घेतले. १९६६ साली बार्सेलोनातील कापुचिन मठात जमलेल्या विद्यार्थी व विचारवंतांबरोबर त्यालाही अटक झाली. ‘अमूर्त’ या शब्दाची उणीव येथे केवळ कोशापुरती राहत नाही. चित्राचे द्रव्य दृष्टिआड केले की त्यातील इतिहासही दृष्टिआड होतो, आणि ते सत्तेला सोयीचे ठरते.

मुंबईतील परिस्थिती निराळी होती. १९४७ साली स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपने अकादमिक वास्तवदर्शन आणि भावुक पुनरुज्जीवनवाद या दोहोंना नकार दिला होता. भाषेवर बंदी नव्हती, सेन्सॉरची भिंत नव्हती; नव्या राष्ट्रातील चित्र ‘भारतीय’ कसे असावे ही अपेक्षा मात्र होती. या गटाशी नंतर निगडित झालेले मोहन सामंत (१९२४-२००४) हे जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शंकर पळशीकरांचे विद्यार्थी. १९५२ साली त्यांनी तेथील पदविका घेतली. १९५७-५८ मध्ये इटलीच्या शिष्यवृत्तीवर ते रोममध्ये होते आणि १९५९ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. सारंगीवादन त्यांनी जन्मभर केले. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात त्यांचे ‘ग्रीन स्क्वेअर’ (१९६३) हे चित्र आहे. त्याची सामग्री कृत्रिम बहुवारिक रंग, वाळू आणि तैलरंग अशी आहे. जे. जे. च्या परंपरेतून आलेल्या मराठी चित्रकाराने कॅनव्हासवर पृथ्वी हे मूर्त द्रव्य आणल्याचा हा स्पष्ट पुरावा होय.

येथे एक मोह टाळावयास हवा. १९६० साली त्याच संग्रहालयात नव्या स्पॅनिश चित्र-शिल्पांचे प्रदर्शन भरले आणि १९६२ साली न्यूयॉर्कच्याच गुगेनहाइम संग्रहालयाने तापिएसचे सिंहावलोकनात्मक प्रदर्शन केले. सामंत तेव्हा त्याच शहरात होते. यावरून त्यांची वाळू बार्सेलोनाहून आली, असे अनुमान काढणे सोपे आहे. परंतु दोन भाषांतील रूपे सारखी दिसली म्हणजे उसनवारी सिद्ध होत नाही. समान मूळ आणि स्वतंत्र समांतर वाढ या शक्यताही तपासाव्या लागतात, हा भाषाशास्त्राचा पहिला धडा आहे. शिवाय उसनवारी सिद्ध झाली तरी अर्थाचा प्रश्न उरतोच. ‘पगार’ हा शब्द मराठीने पोर्तुगीजांकडून घेतला. तेथे ते ‘पैसे चुकते करणे’ या अर्थाचे क्रियापद. येथे ते महिन्याच्या वेतनाचे नाम झाले आणि मराठीच्या संसारातील आशा-चिंता त्यास चिकटल्या. शब्दाचा उगम सांगितल्याने त्याचा येथील अर्थ कळत नाही. वाळूचेही तसेच आहे. बार्सेलोनात ती कोंडलेल्या नगराची भिंत होते. सामंतांच्या हाती ती पुरातन भित्तिचित्रे आणि लिपी यांच्या आठवणीची भूमी होते.

मुंबईतील दुसरे उदाहरण वासुदेव गायतोंडे (१९२४-२००१) यांचे. नागपूरला जन्मलेल्या, मूळ गोमंतकीय घराण्यातील गायतोंड्यांनी द्रव्याची वाट उलट दिशेने चालली. सामंत थर चढवितात. गायतोंडे रोलर व सुरी यांनी रंग पसरवितात आणि कागदाचे तुकडे दाबून तो उचलूनही घेतात. तेथे द्रव्य उजेडासारखे विरळ होते. स्वतःच्या चित्रास ‘ॲबस्ट्रॅक्ट’ म्हणणे त्यांना मान्य नव्हते. ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ हा शब्द त्यांनी पसंत केला. या शब्दाचे मराठीकरण मोठे अडचणीचे आहे. ‘अवस्तुनिष्ठ’ म्हणावे तर ‘पक्षपाती’ असा भलताच अर्थ होतो. ‘ॲबस्ट्रॅक्ट’ याचा लॅटिन अर्थ ‘ओढून काढलेले’. त्यास ‘अपकर्षित’ म्हणावे तर मराठीत ‘अपकर्ष’ म्हणजे अवनती. मराठी विश्वकोशाने ‘अप्रतिरूप’ ही संज्ञा स्वीकारली, ती या सर्वांत अधिक नेमकी आहे. कारण ती चित्राच्या द्रव्याविषयी काहीही न सांगता केवळ प्रतिरूपाचा अभाव सांगते. गायतोंड्यांसाठी ती पुरेशी आहे. सामंत व तापिएस यांच्यासाठी तिच्या जोडीला ‘द्रव्यचित्र’ आणि ‘पोत’ हे शब्द लागतात.

‘पोत’ हा शब्द मराठीने कोणाकडे मागावयास नको. विणकर कापडाचा पोत पाहतो, शेतकरी जमिनीचा पोत पाहतो. दोघेही हात लावून पाहतात. रत्नागिरीच्या सड्यांवर उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे येथील जी कातळशिल्पे आहेत आणि ज्यांचा समावेश २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य सूचीत झाला, त्यांत रेघ कातळावर काढलेली नाही. ती कातळातून काढलेली आहे. त्या शिल्पांचा या चित्रांशी ऐतिहासिक संबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु आकृती आणि पृष्ठभाग यांची फारकत होऊ शकत नाही, हे पाहण्याची दृष्टी ती देतात. अशा दृष्टीने पाहणारा अभ्यासक द्रव्यचित्रासमोर उभा राहिला की ‘यात काय दाखविले आहे?’ हा प्रश्न मागे पडेल आणि ‘हे कशाचे झाले आहे, व तेच का निवडले गेले?’ हा प्रश्न पुढे येईल. द्रव्यचित्रांचा इतिहास लिहिण्यास तेथूनच आरंभ करावा लागतो.